काउएल क्लबचं घर

पुएर्तो काउएल, चिलोए बेट
९ नोव्हेंबर २०१२

एरास्मो,

तुझ्या क्लबचं पत्र पोचलं. वर नवा शिक्का, खाली तुझी सही, आणि मधला मजकूर दुसऱ्याच कुणाचा तरी. ‘माननीय महोदया, क्लबच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तिकेसाठी आपल्या बहुमोल आठवणी पाठवाव्यात.’ महोदया! अरे, तुझं शेंबडं नाक मी पुसलंय. पत्र तुझ्या कचेरीतल्या मुलीने टाइप केलं असणार, आणि हे उत्तरही आधी तीच उघडणार. फोन केला तरी तीच उचलते. म्हणून जे तुला सांगायची गरज नाही तेही तिच्यासाठी थोडं लिहीन. मुली, तुझं नाव मला माहीत नाही. मी ह्या माणसाची थोरली बहीण, एदिता लेविकोय. काउएल फुटबॉल क्लबचा स्वयंपाक आणि धुणं मी केलंय, क्लब इथे होता तोवर.

पन्नास वर्षं म्हणे. कुणाची पन्नास? तुम्हाला खाडीपलीकडे जाऊन चार वर्षं झाली. बाकीची शेहेचाळीस आमच्याकडे होती. तीही तुम्ही सामानाबरोबर नेलीत हे मला ह्या पत्रावरून कळलं.

तरी लिहिते. नाही म्हणायलासुद्धा आता ताकद लागते, आणि ती मी सकाळी लाकडं फोडण्यात घालवते.

साठ सालच्या भूकंपानंतर समुद्र आत आला आणि किनाऱ्यावरची घरांची ओळ घेऊन गेला. मग जी लाकडं लाटांनी परत आणून टाकली त्यांतून आपल्या बाबांनी आणि होड्या बांधणाऱ्या इतर सुतारांनी एक लांबोळकं घर उभं केलं, मदतीचं पीठ ठेवायला. म्हणून त्या घराचं एक दार दुसऱ्या दारासारखं नाही. एक पाद्रीबाबांच्या घराचं, एक कुणाच्या तरी गोठ्याचं आणि स्वयंपाकघराचं तर होडीच्या केबिनचं, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. पीठ संपलं, घर उरलं. रिकाम्या घरात पुरुष जमले की दोन गोष्टी होतात, पिणं आणि क्लब. आमच्याकडे दोन्ही झालं.

ओहोटीला जी वाळू उघडी पडायची तेच मैदान. त्यामुळे सामना कधी सुरू करायचा हे पंचाच्या हातात नव्हतंच. एकदा चोंची गावाचा संघ आला होता. त्यांनी जेवायला उशीर केला आणि उत्तरार्धात पाणी त्यांच्या गोलपाशी आलं. त्यांचा गोली गुडघाभर पाण्यात उभा राहून ‘थांबा, थांबा’ म्हणत हात हलवत होता, तेवढ्यात नोल्बेर्तो चिग्वायने गोल मारला. केवढी भांडणं झाली! पंच म्हणाला, पाण्याबद्दल नियमांत काही लिहिलेलं नाही. तो पंच आपलाच काका होता हे पुस्तिकेत घालू नकोस.

आता माझं काम. क्लबची इथली जमीन तुमच्या कंपनीने माशांचं खाद्य साठवणाऱ्यांना विकली. त्यांचा माणूस येऊन गेला. मार्चअखेर घर पाडणार. लाकूड हवं त्याने न्यावं, म्हणाला. मागच्या दोन खोल्यांत मी राहते हे तुला आठवत असेल. उबेर्लिंदाने रस्त्याच्या वर तिच्या शेताचा कोपरा देऊ केलाय. आपण नेतो तसं घर ओढून वर न्यायचं. लोक सध्या बटाट्यांच्या कामात आहेत, त्यामुळे अजून काही ठरलेलं नाही.

एदिता


१० डिसेंबर

एरास्मो,

ह्या खेपेला पत्र तुझ्या हातचं आहे. अक्षर बाबांसारखं होत चाललंय, ओळ उजवीकडे खाली घसरते. इतिहास छान झालाय म्हणतोस. भरतीचा भाग घेणार, पिण्याचा काढणार. काढ. मग लोक त्या घरात जमून काय करत होते ते तू लिही.

तुझा क्रेनवाला येऊन गेला. बिचारा भला माणूस होता. पावसात उभं राहून त्याने सगळं मोजलं आणि म्हणाला, रस्ता अरुंद आहे, अख्खं घर जायचं नाही. मधून कापून दोन तुकडे न्यावे लागतील, आणि वर नेल्यावर ते पुन्हा नीट जुळतील ह्याची हमी नाही. मी त्याला सूप पाजलं आणि परत पाठवलं. तुझ्या सहाव्या मजल्यावरच्या खोलीबद्दल तुझ्या बायकोला माझे आभार सांग. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणतोस. दिसत असेल. पण मला समुद्र दारातून पाहायची सवय आहे, आणि ह्या वयात लिफ्टमध्ये अनोळखी लोकांशी काय बोलायचं ते शिकणं जिवावर येतं.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की लोक बटाट्यांत आहेत. नोव्हेंबरात बटाटे काय करतात ते तुला माहीत आहे. जमिनीत गप्प पडून असतात. आमची माणसंही तशीच आहेत. मी दारोदार जाऊन आले आहे.

मुली, हे तुझ्यासाठी. आमच्या बेटावर घर हलवायचं असेल तर घराचा धनी आधी प्रत्येक दाराशी जातो, टोपी काढून हातात घेतो आणि विनवतो. स्वतः जायचं असतं. चिठ्ठी चालत नाही, निरोप चालत नाही. मग ठरल्या दिवशी माणसं बैल घेऊन येतात, घराखाली ओंडके सरकवतात आणि घर उभंच्या उभं ओढून नेतात. ह्याला आम्ही मिंगा म्हणतो. पैसे कुणी घेत नाही. पोटभर जेवण, प्यायला चिचा म्हणजे सफरचंदाची दारू, आणि उद्या त्यांचं घर हलवायचं असेल तर तुम्ही जायचं.

तर मी गेले. सगळ्यांनी खुर्ची दिली, चुलीजवळची. मातेचा कडू चहा पाजला. गुडघ्यांची चौकशी केली. आणि सगळ्यांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. उबेर्लिंदा तेवढी तयार आहे, पण तिच्याने आणि माझ्याने मिळून कोंबड्यांचं खुराडंही हलणार नाही.

नोल्बेर्तोकडे सगळ्यात शेवटी गेले, कारण सगळ्यात चांगले बैल त्याचे. तो गोठ्यात होता. म्हणाला, “एदिता, घर तुझं असतं तर मी आत्ता जू बाहेर काढलं असतं.”

“माझंच आहे. मीच राहते ना तिथे?”

“दारावर पाटी कुणाची आहे?”

“पाटी उतरवते मी. तेवढ्यावर अडलंय का?”

“पाटी उतरवून काय होतंय? घर क्लबचं आहे आणि क्लबचा धनी तिकडे पलीकडे बसलाय. त्याला घर हलवायचं असेल तर त्याने यावं. त्याला वाट माहीत आहे.”

“तो येणार नाही, नोल्बेर्तो.”

“मग पडू दे घर,” तो म्हणाला. आणि मला पोतंभर लाकडं दिली, माझ्याकडची ओली असतील म्हणून. माणूस दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं.

हे मी आधी लिहिलं नाही, कारण मला लाज वाटली. तुझी नव्हे. आपल्या गावात मी दारोदार फिरले आणि रिकाम्या हाताने परत आले ह्याची.

एदिता


२१ जानेवारी

एरास्मो,

तुझं रागाचं पत्र मिळालं. एवढं लांब पत्र तू आईलाही कधी लिहिलं नव्हतंस. दोनदा वाचलं. दिव्यांचे खांब, खुर्च्या, डोपिंगच्या तपासणीची खोली, तो कायदा ज्याने क्लबच्या कंपन्या केल्या, सगळं तू समजावून सांगितलंस. क्लब इथे राहिला असता तर दोन वर्षांत मेला असता, म्हणतोस.

खरं आहे. तू बरोबर होतास. हे मी तुला लिहून देते, हवं तर पुस्तिकेत छाप. मी धुणं करायची तेव्हा मला दिसत होतं ना, शेवटच्या वर्षी दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे घालून पोरं खेळत होती. तिकीट काढून येणारे तेच ते चेहरे, आणि त्यांतले अर्धे उधारीवर.

पण तुला पुस्तिकेसाठी चांगले दिवस हवेत, तर चांगले दिवस घे. चौऱ्याऐंशी साली आपण व्यावसायिक विभागात चढलो. मैदान वाळूवरून उचलून घरामागे आणलं होतं. तोवर बेटाबाहेरचा एकही मोठा संघ इथे आला नव्हता. ते फेरीबोटीने चाकाओची खाडी ओलांडायचे, मग आमचे खड्डेवाले रस्ते, आणि बसमधून उतरायचे ते हिरवे-पिवळे होऊन. पहिली दोन वर्षं आपण त्यांना बोट लागते म्हणून जिंकलो, असं बाबा म्हणायचे. मी मुद्दाम पाहुण्यांना उकडलेले शिंपले वाढायची. तू गोलमध्ये उभा असायचास, लांब हात, आणि मुलं ओरडायची, “खेकडा! खेकडा!” ओसोर्नोहून आलेल्या त्या उंच पोराची पेनल्टी तू अडवलीस त्या दिवशी नोल्बेर्तोने तुला खांद्यावर घेऊन घराला फेरी मारली होती. तसंच आत नेताना, दरवाजा बुटका म्हणून तुझं कपाळ फुटलं. ती खूण अजून आहे का रे? टीव्हीवर दिसत नाही, तू हल्ली केस पुढे आणतोस.

आता तू काय विचारलंस त्याचं उत्तर. ‘एवढं सगळं मी क्लबसाठी केलं, तरी लोक माझ्यावर का जळतात?’

लोक जळत नाहीत. तुला खरंच कळत नाही का? की कळतं आणि तू मला ते लिहायला लावतोयस? मग घे.

तो सोमवार होता. सकाळी ट्रक आला. तू म्हणालास, सामना पलीकडे आहे, सामान जास्त न्यायचंय. आणि सगळं गाव धावलं. पेट्या कुणी उचलल्या? चषक कांबळ्यांत कुणी गुंडाळले? गोलच्या जाळ्या काढायला नोल्बेर्तो स्वतः शिडीवर चढला. तुला विचारलं त्याने, “जाळ्यासुद्धा? त्यांच्याकडे जाळ्या नाहीत होय?” तू म्हणालास, “नव्या लावायच्यात.” तो खुश झाला. उबेर्लिंदाने पोरांसाठी बटाट्याचे मिल्काओ तळून गरम गरम फडक्यात बांधून दिले. मी चौसष्ट टीशर्ट इस्त्री करून दिले, बाह्या आत मोडून. फेरी सुटली तेव्हा आम्ही धक्क्यावर उभे राहून टाळ्या वाजवत होतो, जिंकून या म्हणून.

गुरुवारी रेडिओवर कळलं की क्लब गेला.

एरास्मो, घर हलवण्याआधी विचारायचं असतं. तू आमच्याकडून ओढून घेतलंस आणि विचारलं नाहीस. तू तेव्हा दारोदार फिरला असतास, ‘क्लब मरतोय, पलीकडे न्यावा लागेल, हात लावा’ असं म्हणाला असतास, तर कुणी रडलं असतं, कुणी शिव्या घातल्या असत्या. आणि मग आम्ही तोच ट्रक तसाच भरला असता. मी तर पहिली आले असते. तू आम्हाला हो म्हणायची संधीच दिली नाहीस. बाबा शेवटपर्यंत एवढंच म्हणायचे, “त्याने मला तरी विचारायचं होतं.” तू त्यांच्या मातीला आलास आणि संध्याकाळच्या फेरीने परत गेलास. नोल्बेर्तोने तुझा हात हातात घेतला नाही हे तू मनाला लावून घेतलंस. त्याने बाबांची पेटी खांद्यावरून टेकडीवर नेली, हे तुझ्या ध्यानात राहिलं नाही.

हे लिहून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. नुसती दमले आहे.

घराचं बघ. तुला जमेल तेच मी मागतेय, पैसे नकोत, क्रेन नको. ये, आणि विचार. नाहीतर मार्चअखेर मी तुझ्या सहाव्या मजल्यावर येईन, आणि मग आपण दोघं रोज जेवताना एकमेकांची तोंडं बघत बसू.

एदिता


१८ फेब्रुवारी

एरास्मो,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. ‘शुक्रवारी, एक तारखेला येतो.’ मी ते उबेर्लिंदाला दाखवलं. ती म्हणाली, “कुठल्या सालच्या?” मी तिच्यावर चिडले, मग आम्ही दोघी हसलो.

मिंगा शनिवारी ठेवावी लागेल, म्हणजे तू विनवून गेलास की दुसऱ्याच दिवशी. घाई आहे, पण तुला दुसरा दिवस नाही आणि घराला दुसरा महिना नाही.

आता ऐक. गाडी धक्क्यावरच ठेव, दारापर्यंत आणू नको. क्लबचं जाकीट घालू नको. टोपी आण. नसेल तर बाबांची आहे. एकटा जायचंस, मी बरोबर येणार नाही, ताईच्या पदराआड लपून विनवणी होत नाही. जे पुढ्यात ठेवतील ते खा, पी. आणि कुणाला काही समजावून सांगू नकोस. दिव्यांचे खांब आणि तो कायदा तिकडेच ठेवून ये. विचारायचं तेवढं विचार आणि उठ.

लोक काय म्हणतील ते मला माहीत नाही. मला भीती वाटतेय. माझ्या घरासाठी वाटतेय असं आधी वाटलं, पण काल रात्री अंथरुणात कळलं की तुझ्यासाठी वाटतेय. तुला कुणी दारातून परत पाठवलं तर ते मला बघवणार नाही. अजूनही नाही.

एदिता


३ मार्च, रविवार

एरास्मो,

हे पत्र कचेरीतल्या मुलीने आधी उघडलं असेल तर तिने वाचणं इथेच थांबवावं आणि तुला बोलावून आणावं. सभेत असलास तरी.

तू शुक्रवारी संध्याकाळच्या फेरीने गेलास. धक्क्यावर तू भिजलेला उभा होतास. बाबांची टोपी तुला घट्ट होते. म्हणालास, “ताई, सगळ्या दारांना जाऊन आलो. एकानेही हो म्हटलं नाही.” मी विचारलं, नाही कुणी म्हणालं का? तर म्हणालास, “बघू म्हणाले. सगळे बघूच म्हणाले. ताकास तूर लागू देत नाहीत. नोल्बेर्तो तर काहीच बोलला नाही, नुसता बैलांना गवत घालत राहिला. सोमवारी क्रेन पाठवतो, ताई. कापू दे घर. तू माझ्याकडे ये.” मग रविवारच्या सामन्याचं सांगितलंस आणि फेरीवर चढलास. मी तुला थांब म्हटलं नाही. मलाही तसंच वाटलं होतं, सगळं संपलं म्हणून.

शनिवारी सकाळी मी तुझ्याकडे यायच्या तयारीला लागले. आईच्या बशा जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळत होते. बाहेर साखळ्यांचा आवाज आला. मला वाटलं, खाद्य साठवणाऱ्यांची माणसं लवकर आली घर पाडायला. बशी हातात घेऊनच बाहेर आले.

नोल्बेर्तो होता, बैलांच्या दोन्ही जोड्या घेऊन. म्हणाला, “चूल विझव, एदिता. पेटलेली चूल घेऊन घर हलवतात का कुठे?”

मी म्हटलं, “तू तर त्याला काहीच बोलला नाहीस.”

“काय बोलायचं? त्याने विचारलं, मी ऐकलं. बघू म्हणालो नाही, कारण मला बघायचं काही नव्हतं.”

त्याच्यामागून रस्ताभर बैल येत होते. मान्सिया भावंडांचे, शाळेच्या मास्तरांचे, आणि वरच्या वाडीतून तर अशी माणसं आली ज्यांच्याकडे तू गेलाही नव्हतास. त्यांनी ऐकलं होतं की लेविकोयांचा खेकडा टोपी हातात घेऊन फिरतोय. माझ्या चुलीतली राख काढायला बायका आत शिरल्या, मी गुंडाळलेल्या बशा पाहून मला वेड्यात काढलं. वर उबेर्लिंदाच्या शेतात जेवणासाठी खड्डा आधीच खणलेला होता, दगड रचलेले होते. कधी खणलास म्हणून विचारलं तर म्हणते, “मेलेली कोंबडी पुरायला.” एवढा मोठा खड्डा! तिच्यावर मी पन्नास वर्षं चिडतेय आणि मरेपर्यंत चिडणार.

खिडक्या काढल्या, घराला आतून आडवे वासे ठोकले, खाली ओंडके घातले. मग नोल्बेर्तोने आरोळी दिली आणि सगळ्या जोड्या एकदम ताणल्या गेल्या. घर कण्हलं. मी आत उभी होते, मला बाहेर काढलं. साठ सालापासून जागेवर बसलेलं घर हललं तेव्हा खालची जमीन कोरडी आणि पिवळी दिसली. मुलं तिच्यावर नाचायला धावली.

चढावर एक साखळी तुटली. घर हातभर मागे आलं आणि बायका किंचाळल्या. मागून धरायला जी माणसं धावली त्यांत मास्तर होते, उबेर्लिंदा होती आणि मीही होते, गुडघ्यांसकट. पाऊस लागला होता, चिखलात पाय ठरत नव्हते. नोल्बेर्तोने बैलांना एकेकाच्या नावाने शिव्या घातल्या, साखळी बदलली आणि पुन्हा ओढलं. दुपारपर्यंत घर वर पोचलं. तक्तपोशीची एक फळी निघाली आणि जमीन थोडी कलली आहे. आत्ता मी लिहितेय तर पेन्सिल सारखी टेबलावरून घरंगळते. पण दारं सगळी लागतात. केबिनचंसुद्धा.

हे सगळं तुला सांगायचं होतं म्हणून लिहिलं. पण पत्र त्यासाठी नाही.

दुपारी खड्डा उघडला. शिंपले, डुकराचं मांस, बटाटे, मिल्काओ, सगळं दगडांवर शिजून तयार. वर झाकलेली नाल्काची रुंद पानं बाजूला केली तशी वाफ वर गेली आणि माणसं जवळ आली, भिजलेली, चिखलाने भरलेली, सकाळपासून उपाशी. मी ताटं भरायला घेतली. पहिलं ताट नोल्बेर्तोपुढे धरलं. त्याने हात मागे घेतले.

मला वाटलं, दमलाय. मी मास्तरांपुढे धरलं. ते म्हणाले, “नको, एदिताबाई.” मग मी पाहिलं तर कुणीच पुढे येत नव्हतं.

नोल्बेर्तो म्हणाला, “तुझ्या हातचं आम्ही रोज जेवू. आज नाही. ज्याने विनवलं त्याने वाढायचं, तसंच असतं ना?”

“अरे, तो गेला. काल संध्याकाळीच गेला.”

“मग येईल.”

“नोल्बेर्तो, अन्न वाया जाईल.”

“जाऊ दे.”

मी उबेर्लिंदाकडे पाहिलं. ती माझ्याआधी बोलते नेहमी. तिनेही मान खाली घातली. मुलांना तेवढं खाऊ घातलं. बाकी सगळे चिचेचा घोटही न घेता बैल सोडून पावसात घरी गेले. माझ्या आयुष्यात मी मिंगेहून माणूस उपाशी गेलेला पाहिला नव्हता. काल सगळं गाव गेलं.

मी खड्ड्याशी बसून रडले. आधी वाटलं हा तुझा अपमान आहे, चार वर्षांचा राग काढला. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. जेवून गेले असते तर हिशेब मिटला असता, आणि तुझं इथे काही उरलं नसतं. त्यांनी घर आणून दिलं आणि जेवण तुझ्यावर ठेवून गेले.

आज सकाळी नोल्बेर्तो साखळी शोधायला म्हणून आला. साखळी त्याच्या खांद्यावरच होती. दारात उभा राहून म्हणाला, पुढच्या रविवारी सगळे मोकळे आहेत. मी त्याला सांगितलं, रविवारी त्याचा सामना असतो, तो येऊ शकणार नाही.

“तुला काय माहीत?” तो म्हणाला. “त्याला विचार.”

तेव्हा मी विचारतेय, एरास्मो. चिठ्ठीत विचारलेलं चालत नाही हे मला माहीत आहे, पण ह्या गुडघ्यांनी आता खाडी ओलांडवत नाही. माणसं उपाशी आहेत. मी उद्यापासून पुन्हा बटाटे सोलायला बसते. रविवारी किती वाजता येतोस?

तुझी ताई